चालीचा पुरावा

आणीबाणी उठल्यानंतरची दोन-तीन वर्षं मी शिरूरच्या एका वकिलांकडे ज्युनिअर होतो. म्हातारी माणसं शिरूरला तेव्हाही घोडनदीच म्हणत. ऑफिसात जमिनीच्या वाटपाचे दावे जास्त. नवरा-बायकोची प्रकरणं सीनिअर माझ्याकडे सरकवत. त्यांच्या मते त्यांत कायदा कमी आणि रडारड जास्त. काही तारखा दौंड कोर्टात असत. त्या दिवशी न्हावऱ्यावरून जाणारी एस.टी. पकडायची, फायली मांडीवर घेऊन.

दौंडचं एक प्रकरण पोटगीचं होतं. अर्जदार बाई पंचविशीची, माहेर राहू गावचं. नवरा दौंडला रेल्वेत फिटर. त्याने तिला मुलासह माहेरी आणून सोडलं आणि परत नेलं नाही. तिने पोटगी मागितल्यावर त्याने कोर्टात लेखी उत्तर दिलं की ही माझी बायकोच नव्हे. तिचं आधी एक लग्न झालेलं आहे, तो माणूस भांडगावात जिवंत आहे, कोणत्याही कोर्टाने त्यांना घटस्फोट दिलेला नाही. तेव्हा आमचं लग्न बेकायदा. उत्तराच्या शेवटच्या परिच्छेदात 'ठेवलेली बाई' असे शब्द होते.

पहिलं लग्न मोडलेलं होतं. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली होती आणि सगळ्यांच्या संमतीने फारकत झाली होती. फिटरला हे लग्नाआधीपासून माहीत होतं. त्याचा चुलता त्या बैठकीत चहा पिऊन गेला होता.

अशी फारकत कायदा मानतो, पण त्या जातीत ती चाल पिढ्यान्‌पिढ्या, खंड न पडता चालत आली आहे हे सिद्ध करावं लागतं. अडचण तिथे होती. हे कुटुंब बौद्ध. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांच्या वस्तीने घरातले देव नदीत सोडले आणि जातपंचायत बंद केली. त्यात पुढाकार बाईच्या वडिलांचा होता. आता जुनी चाल चालू आहे असं कोर्टात सांगायला तेच एकटे साक्षीदार उरले होते. बैठकीतली बाकीची माणसं कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हती.

वडील गवंडीकाम करत. त्यांची तयारी करून घ्यायला सीनिअरांनी मला राहूला पाठवलं. साक्षीदाराला प्रश्न समजावून सांगायचा, उत्तर शिकवायचं नाही, असा नियम आहे. सगळे वकील उत्तर शिकवत, मीही शिकवलं. आमच्या अमुक जातीत पंचांनी फारकत देण्याची चाल पूर्वापार आहे आणि आजही आहे, एवढं वाक्य. ते तंबाखू मळायचे थांबले. 'आमच्या समाजाची रीत' म्हटलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी सीनिअरांना विचारून सांगतो म्हणालो. सीनिअर म्हणाले, समाजाची रीत दीक्षेनंतरची, वीस वर्षांची, ती कोर्टाला पुरत नाही. जातीचं नाव घ्यावंच लागेल.

हा निरोप मी पुढच्या तारखेला दौंडच्या कोर्टाबाहेर दिला.

"म्हंजी पोरीवरचा तो शब्द पुसायचा, तर मी माझ्यावर जुना लावून घ्यायचा," ते म्हणाले.

मुलगी शेजारीच उभी होती. "आबा, एक डाव म्हणा. तिथं कोन आपलं बसलंय ऐकायला?"

साक्षीच्या दिवशी मात्र फिटरच्या वॉर्डातली चार-पाच माणसं मागच्या बाकावर येऊन बसली होती. सगळी बौद्ध. आबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

साक्षीच्या सुरुवातीला नाव, वय, धर्म, धंदा विचारतात. धर्म त्यांनी बौद्ध सांगितला. मग मी प्रश्न विचारला आणि त्यांनी वाक्य बोलून दाखवलं. जातीचं नाव इतक्या हळू घेतलं की टायपिस्टला ते ऐकू गेलं नाही. मॅजिस्ट्रेटनी मोठ्याने सांगायला लावलं. त्यांनी परत सांगितलं.

फिटरचा वकील उलटतपासाला उठला. धर्म बौद्ध सांगितलात, तो खरा का, असं त्याने विचारलं. खरा, असं उत्तर आलं.

"मग जात कुठनं आली, आबा? एका पायात जुना जोडा न् एका पायात नवा?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटनी वकिलाला प्रश्न सरळ विचारायला सांगितलं. त्याने सरळ विचारला: तुमच्या वस्तीने जातपंचायत बंद केली, हे खरं की खोटं?

 मॅजिस्ट्रेटनी तेच आबांना दोनदा विचारलं.

"खरं हाय. मीच बंद केली."

"मग आत्ता सांगितली ती चाल?"

"ती पोरीसाठी सांगितली."

फेरतपासाचा हक्क मला होता. या उत्तरानंतर विचारण्यासारखा प्रश्न सुचला नाही. मी उठून तसं सांगितलं आणि बसलो. मी त्यांच्याबरोबर एस.टी. स्टँडपर्यंत गेलो. गाडी लागल्यावर मुलगी म्हणाली, "दोन्ही घालवलं, आबा. एक तर धरायचं हुतं." आबांनी तिच्याकडून मुलाला घेतलं आणि ते गाडीत चढले.

निकालात मुलाला पोटगी मिळाली. अर्जदार ही कायदेशीर पत्नी असल्याचं सिद्ध झालं नाही, कारण तिचं पहिलं लग्न कायद्याने अस्तित्वात आहे, असं मॅजिस्ट्रेटनी लिहिलं.

काही आठवड्यांनी ती एकटीच शिरूरला ऑफिसात आली. वडिलांना सांगितलं नव्हतं. राहूहून शिक्रापूरला येऊन तिथे गाडी बदलली होती. सीनिअरांनी तिला दोन रस्ते सांगितले. वरच्या कोर्टात, पुण्याला जाता येईल, पण त्या साक्षीनंतर आशा थोडी. दुसरा रस्ता, भांडगावच्या माणसावर घटस्फोटाचा अर्ज करायचा. मिळाला की तिथून पुढे ती मोकळी.

त्या माणसाचं पुढे काय झालं, हे मी तिला विचारलं. बैठकीनंतर वर्षाच्या आत त्याने लग्न केलं होतं. दोन मुली होत्या. सीनिअर माझ्याकडे पाहू लागले. तिच्याही लक्षात आलं.

"माझं पहिलं लगीन मोडलंच न्हाई, तर त्याची आत्ताची बायको कोन?"

मी सांगितलं की कायद्याने तिचीही गत तुमच्यासारखीच.

"तिलाबी तेच लिवतील?"

कुणी वाद काढला तरच, मी म्हणालो. पण तुम्ही अर्ज केलात, तर घटस्फोटाचं कारण म्हणून त्याचं दुसरं लग्न त्यात मांडावं लागेल.

त्याची ही बायको एकदा केडगावच्या बाजारात दिसली होती, असं तिने सांगितलं. कडेवर धाकटी होती. ओळख नसताना तीच आधी हसली. हे सांगून झाल्यावर ती पदर सावरत उठली.

"ऱ्हाऊ द्या साहेब. एकीचं झालं तेवढं बास."

सीनिअरांनी तिला सावकाश विचार करून यायला सांगितलं. ती पुन्हा आली नाही. मी शिरूर सोडेपर्यंत तिचा अर्ज कुठल्याच कोर्टात दाखल झाला नव्हता; म्हणजे कायद्याच्या हिशेबी ती तोपर्यंत भांडगावच्या त्या माणसाची बायको होती.