आग : निरंक

जव्हारच्या जुन्या राजवाड्यामागच्या आळीत भरदुपारी कुणाच्या चुलीवर काय आहे, हे धूरमामा आळीच्या तोंडाशी उभे राहून सांगत. मान जराशी वर करायची, दोनदा हुंगायचं आणि म्हणायचं, "सखूबायकडं नागलीची भाकर हाय. लाकूड वलं घातलंय बायनं." पुढे जाऊन बघावं तर सखूबाई डोळे पुसत फुंकणीने चूल फुंकत बसलेली असायची. धूर म्हटला की आपल्याला सगळा सारखाच. मामांना ऐनाच्या लाकडाचा वेगळा कळे, गोवरीचा वेगळा कळे आणि गवताचा तर झोपेतही कळे.

त्यांचं खरं नाव मला पाठ आहे, कारण संस्थानच्या नोकरांची शेवटची यादी माझ्याच अक्षरात आहे. ते इथे लिहीत नाही. कागदावर चढून त्या नावाचं एकदा जे झालं तेवढं पुरे.

संस्थान विलीन झालं आणि त्या उन्हाळ्यात मी नव्या कचेरीत कारकून म्हणून जव्हारला आलो. चोवीस वर्षांचा होतो. आम्ही चार-पाच जण बाहेरून आलेले, आणि लोकशाही जणू आमच्याच ट्रंकेतून आली अशा थाटात वावरत होतो. जुन्या राजवटीतलं जे दिसेल ते आम्हाला हास्यास्पद वाटे. खांद्यावर दोन पुरुष लांबीचा बांबू घेऊन रस्त्याने गोगलगाईसारखा चालणारा एक म्हातारा पहिल्याच दिवशी दिसला, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

त्या बांबूला टोकाशी लोखंडी आकडा होता. आळीत त्याला आकडी म्हणत. आळीतली घरं कारवीच्या कुडाची, वर गवताचं छप्पर, आणि एका घराची वळचण दुसऱ्या घराला टेकलेली. एक पेटलं की ओळ गेली. म्हणून होळीपासून पाऊस पडेपर्यंत संस्थानचा दंडक होता: दुपारचा वारा सुटला की चुली विझवायच्या आणि दाराशी रांजण भरलेला ठेवायचा. हा दंडक पाळला जातो का, ते बघत फिरायचं आणि कुठे पेटलंच तर आकडीने छप्पर ओढून पाडायचं, हे धूरमामांचं काम. त्यांच्या आधी त्यांचे वडील हेच करत. नेमणुकीचा कागद वगैरे काही नव्हता. वडील गेल्यावर जुन्या कारभाऱ्यांनी आळीसमोर आकडी त्यांच्या हातात दिली, झाली नेमणूक.

उन्हाळ्यात कचेरी सकाळची असे. दुपारी करायला काही नसे, म्हणून गंमत म्हणून मी एकदा त्यांच्याबरोबर निघालो आणि मग त्या उन्हाळ्यात रोजच निघू लागलो. राजवाड्याच्या मागच्या भिंतीपासून सुरुवात, मारुतीचं देऊळ, तांबटाचं दुकान, मग आळी, आणि शेवटी पश्चिमेचा कडा. तिथून खालचा सगळा मुलूख उन्हात पांढरा दिसे. एवढीशी वाट, मी एकटा पंधरा मिनिटांत संपवली असती. मामांना दोन तास लागत. मी पुढे पुढे जायला लागलो की ते हाक मारत, "भाऊसाहेब, पायानं तं गाढव बी चालतं. जरा नाकानं चाला."

नाकाने चालायला मी शिकलो. जव्हारचा उन्हाळा मला आजही वासानेच आठवतो. अंगणात सुकत घातलेली मोहाची फुलं, तांबटाच्या दुकानातली भांडी उजळायची चिंच, पोशेऱ्याहून पहाटे निघून करवंदं विकायला आलेल्या बायकांचे पानांचे द्रोण. त्या बायका तांबटाच्या ओट्याच्या सावलीत टेकलेल्या असत. त्यातली एखादी विडी ओढत असली तर मामा काही न बोलता तिच्यासमोर उभे राहत. ती हसत हसत विडी दगडावर चिरडी आणि मूठभर करवंदं त्यांच्या हातावर ठेवी. ती मला मिळत.

घराघराशी थांबून मामा दाराशेजारच्या रांजणाला नखाने टिचकी मारत. भरलेला रांजण मुकाट बसतो, रिकामा वाजतो. मी एकदा म्हटलं, "मामा, वाकून आत बघितलं तर सोपं नाही का?" ते म्हणाले, "बघितलं तं बायला वाटंल, माझ्यावर इस्वास नाय. टिचकी मारली तं रांजण बोलतो, मी नाय बोलत." रांजण वाजला की आतून लगेच आवाज येई, "आणते, मामा, आणते!" आणि कुणीतरी हंडा घेऊन विहिरीकडे पळे.

एकदा ऐन वाऱ्यात सखूबाईच्या घरातून धूर निघत होता. मला वाटलं, आता मामा चिडणार. सखूबाई दारात येऊन घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "सून बाळंत झाली, मामा. पाणी तापवायला नको का?" मामा म्हणाले, "तापव की. मी हाय अठं उभा." आणि पाणी तापून, चूल विझून, राखेवर पाणी शिंपडेपर्यंत ते आकडी टेकून दारात उन्हात उभे राहिले. मुलगी झाली का मुलगा, तेवढं विचारलं आणि पुढे चालू लागले. कायदा काय असतो हे मला कचेरीत कुणी शिकवलं नाही. त्या दिवशी त्या दारात मला ते कळलं होतं. कळलेलं असूनही पुढे मी जे केलं, ते केलं.

पाऊस तोंडावर आला असताना वरून एक साहेब आले. जुन्या नोकरांपैकी कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायचं होतं. साहेब वाईट नव्हते, घाईत होते. मोठा तक्ता होता: नाव, काम, कामाचा तपशील आणि शेवटी शेरा. साहेब विचारत आणि मी लिही. मामा त्या दिवशी धुतलेलं पागोटं बांधून आले होते. आकडीचा आकडा त्यांनी राखेने घासून लख्ख केला होता. ती भिंतीला टेकवून ते साहेबांसमोर ताठ उभे राहिले.

"तुमच्या काळात किती आगी विझवल्या?" साहेबांनी विचारलं.

मामांचा चेहरा उजळला. "एक बी नाय, साहेब."

"एकही नाही?"

"एक बी नाय!" मामा अधिकच खुलले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत पहिला आलेला मुलगा घरच्यांकडे बघतो ना, तसं. "बापाच्या वक्ताला एक झाली व्हती. माझ्या वक्ताला काय बी झालं नाय."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा."

मी लिहिलं: आग, निरंक.

शेजारचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. चांगली चार बोटं जागा होती. तिथे दोन ओळी सहज मावल्या असत्या. आग लागली नाही हेच या माणसाचं काम आहे, एवढं लिहायला काय लागत होतं? आख्ख्या कचेरीत हे ठाऊक असलेला मी एकटा होतो. पण माझी नोकरी कच्ची होती, कारकुनाने आपलं डोकं चालवलेलं साहेबांना खपत नसे, आणि खरं सांगायचं तर जेवायची वेळ टळून गेली होती. मी टाक पुसला आणि पुढचं नाव पुकारलं. मामा मला नमस्कार करून बाहेर गेले. आपलं कौतुक झालं अशीच त्यांची समजूत होती.

महिन्याभरात हुकूम आला. जागा अनावश्यक, आकडी सरकारजमा. ती कोठीत ठेवायला मामा स्वतः घेऊन आले. मी पावती लिहून दिली. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय, भाऊसाहेब?"

"आकडी एक, जमा."

"आन माझं?"

मी म्हटलं, "तुमचं काही लिहायचं नसतं, मामा." त्यांनी पावतीची बारीक घडी घातली आणि पागोट्यात खोचली.

पुढच्या होळीला ते पुन्हा आळीत हजर झाले. हातात काही नाही, खांद्यावर काही नाही. सकाळी लाकडाच्या मोळ्या वाहायच्या आणि दुपारी तीच वाट, तशीच सावकाश. पहिल्या उन्हाळ्यात बायका जुन्या सवयीने "आणते, मामा" म्हणत. दुसऱ्या उन्हाळ्यात नुसत्या हसत. पाणी लांबून आणायचं, आणि सांगणारा माणूस आता सरकारचा राहिला नव्हता. रांजण वाजू लागले. मी तेव्हा त्यांच्याबरोबर फिरणं सोडून दिलं होतं. काम वाढलं, असं मी सांगत असे.

तिसऱ्या उन्हाळ्यात आळीच्या तोंडाशी बाहेरच्या एका माणसाने चहाचं दुकान थाटलं. त्याची भट्टी दिवसभर धगधगत असे. मामांनी त्याला वाऱ्याच्या वेळी भट्टी झाकायला सांगितलं. तो म्हणाला, "कुणाच्या हुकमानं? कागद आहे?" कागद नव्हता. मामा माझ्याकडे कचेरीत आले. कधी न बसणारा माणूस त्या दिवशी माझ्या टेबलाशेजारी खाली बसला.

"भाऊसाहेब, नोकरी नको मला. येक चिठ्ठी द्या. तुमच्या हाताची. भट्टी झाक म्हून, येवडंच."

मी म्हटलं, "बघतो."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, "बघा, पण लवकर बघा. वारा काय थांबायचा नाय." ते पुन्हा दोनदा आले. दोन्ही वेळा मी 'बघतो' म्हटलं. चिठ्ठी लिहायचा मला अधिकार नव्हता हे खरं. साहेबांना विचारायचा होता, आणि मी विचारलं नाही, हेही खरं.

वैशाखातल्या एका दुपारी कचेरी सुटता सुटता मला वास आला. गवताचा. दुसऱ्या कुणाला येण्याआधी मला आला. मामांनी शिकवलेली विद्या. मी ओरडत कोठीकडे धावलो. कोठीला कुलूप, आणि किल्ली कोठी सांभाळणाऱ्या नाझरांकडे. नाझर सकाळीच मोखाड्याला गेलेले. कुलूप सरकारी, ते फोडायचं की नाही, यावर आम्ही चार सुशिक्षित माणसं तिथे उभी राहून वाद घालत होतो. शेवटी एका शिपायाने कुणालाही न विचारता दगड घातला. आकडी घेऊन आम्ही पोहोचलो, तोवर चहाच्या दुकानापासून सातवं घर कोसळलं होतं. सखूबाईचं त्या सातांतच गेलं. माणसं तेवढी वाचली, कारण मामांनी दारोदार पळत सगळ्यांना आधीच बाहेर काढलं होतं.

आठव्या घराचं छप्पर त्यांनी हातांनी ओढून पाडलं होतं. जळतं गवत मुठीत धरून, धुमसत्या वाशांना लोंबकळून. म्हणून आग तिथे थांबली. मी गेलो तेव्हा ते मारुतीच्या ओट्यावर बसले होते आणि दोन्ही हात पुढे धरले होते. आपले नसून दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे ते हातांकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर आकडी घेऊन उभा राहिलो. त्यांनी ती बघितली आणि मान वळवली.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. साहेब नवे होते, तक्ता तोच होता, आणि लिहायला मीच. साक्षीसाठी मामांना आणून बसवलं. हातांना तेलात भिजवलेलं फडकं गुंडाळलं होतं. साहेबांनी अजून काही विचारलंही नव्हतं, तेवढ्यात मामा माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, आता लिवा. येक."

साहेबांना ते काही समजलं नाही. म्हातारा धसक्याने असंबद्ध बोलतोय, असं त्यांना वाटलं. मी खाली मान घालून लिहिलं: आग, एक. अक्षर चांगलं आलं. कारकुनाचं अक्षर असल्या गोष्टींनी बिघडत नाही.

पुढच्या वर्षी मामांची ती जागा पुन्हा मंजूर झाली, खाकी कपड्यांसकट. उमेदवाराचे दोन्ही हात धड असावेत, अशी अट होती. मामा तोवर साखरशेतला लेकीकडे निघून गेले होते. जाताना मला भेटले नाहीत. मीही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो? आळीतून जाणंही मी टाकलं. कचेरीला जायला लांबची वाट धरली आणि जव्हारला होतो तोवर त्याच वाटेने गेलो.

दोन वर्षांनी कामानिमित्त साखरशेतला जावं लागलं. घर कुणीतरी दाखवलं. मामा अंगणात बसले होते. बोटं एकमेकांना चिकटून आखडली होती. मला बघून ते उठले आणि लेकीला हाक मारून म्हणाले, "भाऊसाहेब आल्यात गं, पानी आण." एक अवाक्षर वेडंवाकडं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लेक तांब्या ठेवून आत गेली. आम्ही पावसापाण्याचं, नागलीचं बोललो. मग त्यांनी विचारलं, "आळीत रांजण भरत्यात का?"

"भरतात की," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "टिचकी मारून बघितली?"

मी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही. मामांनी रिकाम्या तांब्याकडे बघितलं. मग घराकडे मान वळवून त्यांनी हाक दिली, "बाय, भाऊसाहेबाला आजून पानी दे."