रोहेकर कोणाला म्हणायचं

रोह्याबाहेर, कुंडलिकेच्या काठाला आमची वाडी. झोपडी ज्या बांधाला होती तो बांध मालकांचा, त्यामुळे मालक 'उठा' म्हणाले की उठायचं. माझी शाळा संपेपर्यंत आम्ही चार वेळा उठलो. पावसाळ्यात आईबाबा लावणीला, दिवाळी झाली की वीटभट्टीवर. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बाबांना विचारलं, कुठले तुम्ही? बाबांनी मालकांचं आडनाव सांगितलं आणि पुढे म्हणाले, "त्यांच्या बांधावरचे." गावाचं नाव आपणही सांगू शकतो, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मी मराठी घेऊन बी. ए. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घराण्यात पहिलीच. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

पुढे पेणला एका शब्दकोशाच्या कामावर लागले. संपादक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं काम चाले. जिल्ह्यातल्या बोलण्यातले शब्द जमवायचे, एका शब्दाला एक कार्ड. कार्डावर अर्थ, त्याखाली कुणाच्या तरी तोंडचं जसंच्या तसं वाक्य, मग बोलणाऱ्याचं नाव आणि ठिकाण. वाक्य नसेल तर अर्थ धरायचा नाही, हा सरांचा नियम.

गावोगावच्या रहिवाशांना काय म्हणतात, तो गठ्ठा माझ्याकडे आला. पेणकर, रोहेकर, कासूकर. अर्थ सरांनी आधीच लिहून ठेवले होते. 'रोहेकर : मूळचा रोह्याचा, तेथील जुन्या घराण्यातील व्यक्ती.' ते 'मूळचा' कुणाला बाहेर ठेवायला घातलंय, ते मला लगेच कळलं. निदान तसं वाटलं. सरांचे अर्धे नातेवाईक रोह्यातले जमीनवाले.

"सर, रोह्यात राहतो तो रोहेकर. एवढं पुरे."

"पुरे कसं? काल कंपनीत लागला, भाड्याने खोली घेतली, तोही रोहेकर?"

"आणि आमच्या वाडीतले?"

सर म्हणाले, "ते स्वतःला तसं म्हणतात का? वाक्य आण, मग बोलू."

शब्दकोश एकदा छापला की लोक त्यावर बोट ठेवून सांगतात, बघा, लिहिलंय. आमच्या माणसांना कागद दाखवून बऱ्याचदा उठवलेलं होतं. त्यात हा आणखी एक कागद नको होता, आणि तोही माझ्या हातून गेलेला.

वाडीत वही घेऊन गेले तर बाया गप्प. माझी सख्खी चुलतीसुद्धा. "नावं लिव्हून कुणाला देतंस गो?" मागे एकदा असंच कुणी नावं लिहून नेली होती आणि महिन्याभरात तारेचं कुंपण आलं होतं. तिचं काय चुकलं?

वाक्य मिळालं ते नदीपलीकडच्या अष्टमी गावाला जाणाऱ्या पुलाजवळ, रोह्याच्या बाजूला. एक म्हातारी टाकळ्याच्या पालेभाजीचे वाटे लावून बसली होती. शिफ्ट सुटून आलेला एक जण तिच्याशी घासाघीस करत होता. "तुम्ही वाडीवाल्या लई शाण्या," तो म्हणाला. म्हातारी उसळली. "वाडीवाली नाय, रोहेकरीण हाय मी! तू कंदी आलास रं हितं? बॅग तरी खोललीस का अजून?"

मी वही काढली. तिने माझा हात धरला. "काय लिव्हतंस? कुणाची मानूस तू?" वाडीची आहे म्हटलं, तर म्हणे, "नावं न्यायला वाडीचीच मान्सं पुढं घालतात." नाव सांगितलंच नाही.

बिननावाचं कार्ड सरांनी उलटसुलट करून पाहिलं. "वाक्य झकास आहे. जरा जास्तच झकास आहे."

"म्हणजे मी घरी बसून लिहिलं?"

"मी असं म्हटलं नाही."

मी त्यांना म्हटलं, उद्या चला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं रोह्याला.

सरांचा इस्त्रीचा सदरा बघून म्हातारीने तोंडावर पदर घेतला. "मी काय नाय बोलली सायेब. ही पोर खोटा बोलते." सरांनी शांतपणे दोन वाटे पिशवीत टाकले आणि म्हणाले, "बरं. मग तुम्ही रोह्याच्या नाही, असंच धरू."

"नाय कशी? मंग काय वरून पडली? ह्या पुलाला माझे आयशीने घमेली वाहिली! रोहेकरीण नाय तर कोन मी?"

सरांनी खिशातून कोरं कार्ड काढलं आणि उभ्या उभ्या स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. नावाच्या जागी 'भाजीवाली, पुलाजवळ' असं लिहिलं. तिला चिडवायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, की माझं कार्ड खोटं पाडायला निघाले होते आणि फसले, ते मला अजून समजलेलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "टाकळा कोवळा आहे."

पेणला परतल्यावर अर्थ लिहिलेलं आपलं जुनं कार्ड त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. 'मूळचा' मी खोडला, 'जुन्या घराण्यातील' खोडलं. ते बघत होते.

कोश छापून आला. त्यात आहे : 'रोहेकर : रोह्यात राहणारी व्यक्ती.' खाली त्या म्हातारीचं, सरांनी लिहून घेतलेलं वाक्य आहे. ही नोंद मी लिहिली.