सायकल तिची, सत्कार माझे

अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीनं नाशिक रोडहून साताऱ्याला सायकलनं जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे आम्हाला विचारलं नाही, सांगितलं. ओळखीचे लोक तिच्या सायकलीच्या नावानं देणगी देणार आणि ते पैसे निवृत्त सैनिकांच्या आणि अग्निशमन दलातल्या लोकांच्या औषधपाण्याला जाणार, अशी योजना होती. याचं मूळ आमच्या जिन्यात होतं. ती आठवीत असताना बिल्डिंगच्या मीटरला आग लागली, जिना धुरानं भरला आणि बंबावरच्या माणसांनी आम्हाला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. ती स्वतःच्या पायांनी उतरली. मला खांद्यावर टाकून आणलं, बनियन आणि टॉवेलवर, सगळ्या कॉलनीसमोर. तेव्हापासून तिच्या मनात त्या लोकांबद्दल आदर आहे आणि माझ्या मनात टॉवेलबद्दल धास्ती.

मी सरकारी कारकून, अट घातल्याशिवाय मला परवानगी देता येत नाही. म्हटलं, जा, पण मी टेम्पो घेऊन मागे येणार आणि रोज दिवेलागणीच्या आत मुक्कामाला पोचायचं. एक दिवस जरी चुकला, तर सायकल टेम्पोत घालायची आणि घरी परत यायचं. ती "चालेल" म्हणाली. पहिल्याच दिवशी चुकेल अशी माझी खात्री होती. खात्री कसली, इच्छाच होती. त्या हायवेवर ट्रक कसे येतात ते मी बघितलं होतं आणि मला भीती वाटत होती. तिची आई मात्र म्हणाली, "जिना तिला उतरता आला, तुम्हाला नाही. मी काळजी नक्की कुणाची करू?"

पहिला मुक्काम आळेफाट्याला होता. मेव्हण्याचा टोमॅटो वाहायचा छोटा टेम्पो मागून आणला आणि उजाडता उजाडता निघालो. ती पुढे, मी मागे. कुठला गिअर टाक, पाणी कधी पी, हे मी खिडकीतून डोकं काढून सांगत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सिन्नरपर्यंत तिनं एकदाही मागे बघितलं नाही.

सिन्नरला घोडं अडलं. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त हवालदारांनी कौतुकानं आमचा सगळा रस्ता माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. रस्त्याच्या कडेला मांडव तेवढा नव्हता. बाकी टेबल, टेबलावर चादर, बॅनर, आणि शाल-श्रीफळ घेऊन उभे असलेले, कडक इस्त्रीतले सात-आठ जण. मी उतरल्या उतरल्या त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि शाल घातली. मुलगी हेल्मेट घालून घामाघूम उभी होती. तिला एक जण प्रेमानं म्हणाला, "बाळा, जरा बाजूला हो, फोटोत सायकल येतीये." मग चूक लक्षात आली आणि तिचाही सत्कार झाला, पण माझा आधी झाला होता. मग मिसळ झाली, चहा झाला, आणि एक सुभेदार उशिरा आले म्हणून सगळे फोटो पुन्हा झाले.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण आमच्या ऑफिसात शाल फक्त रिटायर होणाऱ्याला मिळते.

नांदूर शिंगोट्याला पुन्हा तेच टेबल, तीच चादर. तिथून निघताना ती माझ्या खिडकीशी आली. "पप्पा, असं थांबत राहिले तर अंधार मला संगमनेरलाच गाठेल. आणि ज्यांच्यासाठी चाललेय त्यांना नाही तरी कसं म्हणू? तुम्ही सत्कार घ्या, मी पुढे होते."

"अगं, पण सत्कार तुझा आहे."

"त्यांनी शाल आणलीये ना? ती कुणाच्या तरी खांद्यावर पडली म्हणजे झालं."

तिथून कामाची वाटणी झाली. ती हात वर करून पुढे जायची, लोक टाळ्या वाजवायचे आणि मागून येणारा टेम्पो अडवायचे. आणलेली शाल घरी परत न्यायची आपल्याकडे पद्धत नाही. आयत्या बिळावर मी नागोबा झालो होतो, पण नागोबाचीही काही तयारी लागतेच. सिन्नरला मी नुसतं "आभारी आहे" म्हणालो होतो. संगमनेरला त्याग या विषयावर बोललो. चंदनापुरीचा घाट ती सायकलवरून न उतरता चढली, हे मला फोनवर कळलं. मी तेव्हा पायथ्याशी एका नारळाबद्दल ऋण व्यक्त करत होतो. ती दर थोड्या वेळानं फोन करून विचारायची, "पप्पा, कुठे पोचलात? जेवलात का?"

घारगाव सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. तिचा फोन आला की आळेफाटा आलाच, दिवसाउजेडी पोचतेय. म्हणजे अट तिनं पाळली होती आणि उद्या आम्ही पुढे जाणार होतो. यावर चिडावं की कसं, हे ठरवतोय तोच बोट्याच्या अलीकडे एका फाट्यावर एका म्हाताऱ्यांनी काठी उंच करून टेम्पो थांबवला.

ते एकटेच होते. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीवर ते, दुसरीवर झाकलेला तांब्या. मी उतरलो आणि सवयीनं मान पुढे केली.

"शाल नाय आणली मी," ते म्हणाले. "सरबत हाय, पण ते पोरीचंय."

मी मान सरळ केली. ते नाशिकला बंबावर होते. एका आगीत छत पडून पाय गेला, गेला म्हणजे आहे, पण वाकत नाही. रिटायर होऊन गावी आले. गावातल्या एका माजी सैनिकाच्या फोनवर आमचा रस्ता बघून दुपारपासून इथे बसले होते. ती आली तेव्हा काठी सापडून उभे राहीपर्यंत निघूनही गेली.

"लय जोरात गेली," ते म्हणाले. तक्रार नव्हती, उलट कौतुकच होतं. "जलमभर आमी पळालो लोकांसाठी. आमच्यासाठी कोण पळतंय, ते एकदा बघायचं होतं."

मी बाजूला जाऊन मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मागे आले तर अंधार होईल, पप्पा."

"होईल."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी सूर्याकडे बघत उभा राहिलो. पहाटेपासून मला हवं होतं तेच घडत होतं. अट मोडणार होती, उद्या आम्ही घरी जाणार होतो, तेही तिच्या चुकीशिवाय आणि माझ्या वाईटपणाशिवाय. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

ती पलीकडच्या बाजूनं परत आली तेव्हा झाडं काळी दिसायला लागली होती. म्हातारबुवा काठी टेकत सरळ रस्त्यात गेले आणि हात वर केला. येणारा ट्रक थांबला, ती दुभाजकाच्या फटीतून ओलांडून आली. सरबत कोमट झालं होतं. ती दोन ग्लास प्यायली. त्यांनी सायकलीचे ब्रेक दाबून बघितले, टायरला अंगठा लावला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "लय भारी" एवढंच म्हणाले.

मग तिनं आभाळाकडे बघितलं आणि सायकल ढकलत टेम्पोकडे आणली. रडत नव्हती. कबूल केलेलं पाळत होती. तिनं मागच्या फाळक्याची कडी काढली. आत पसरलेल्या शालींवर दिवसभराचे नारळ पडले होते.

मी फाळका पुन्हा लावला.

"जागा नाही," म्हटलं. "नारळ आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि अट?"

"ती सिन्नरला चहात बुडाली. चल, मी मागून दिवे टाकतो."

ती निघाली. मी इंजिन चालू केलं, दोन्ही दिवे मोठे केले आणि तिच्या मागे लागलो. या वेळी खिडकीतून डोकं काढलं नाही. आरशात बघितलं, तर म्हातारबुवा पुन्हा रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे होते, आणि त्यांच्यामागे एक एसटी आणि दोन ट्रक गुमान थांबलेले होते.