विक्रांतचा कूलिंग पीरियड

"मॅडम, घर नको. पैसेच द्या म्हणावं त्यांना."

माझी अशील सुवर्णा हे बोलली तेव्हा रोह्याला तिच्या नवऱ्याच्या वकिलांच्या ऑफिसात आमच्या कन्सेंट टर्म्स टाईप होत होत्या. कन्सेंट टर्म्स म्हणजे संमतीने घटस्फोट घेताना दोघांनी लिहून दिलेल्या अटी. कोणाला काय मिळणार, कोण काय सोडणार, सगळं त्यात येतं. एकदा सही झाली की मागे फिरणं अवघड. आमच्या टर्म्सप्रमाणे तिच्या नवऱ्याचा, दिनेशचा, रोह्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट तिच्या नावावर होणार होता. त्यासाठी मी कित्येक महिने घसा कोरडा केला होता.

समोरचे वकील चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "आमची काही हरकत नाही हं, मॅडम."

हरकत कशाला असेल? त्यांचा तर फायदाच होता. दिनेश कंपनीतली शिफ्ट संपवून थेट आला होता आणि पेंगत होता.

"आज टायपिंग थांबवू," मी म्हटलं. "मला माझ्या अशिलाशी बोलायचंय."

अशिलाला घेऊन मी कुंडलिका नदीच्या काठाला गेले. सुवर्णा चाळिशीला आलेली. नवऱ्याचं घर सोडल्यापासून पेणला रामवाडीत आईकडे राहायची आणि आईबरोबर पोह्याचे पापड करायची. आजवर मी तिचे डोळे सुजलेलेच पाहिले होते. त्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि बोलता बोलता मध्येच पाण्याकडे बघून हसत होती. माझ्या धंद्यात अशिलाचं असं हसू दिसलं की मी सावध होते.

"कोण आहे?" मी विचारलं.

ती लाजली. "विक्रांत. बोटीवर इंजिनिअर हाय. बायको वारली त्याची."

"भेटलाय?"

"फेसबुकवर. मी दुःखाच्या पोस्ट टाकायचे ना, तर त्याने विचारलं, काय झालं म्हणून."

पेणला परतीची दुपारची गाडी जवळपास रिकामी होती. सुवर्णा खिडकीशी बसून सांगत होती आणि मी ऐकत होते. निडी स्टेशन मागे पडलं. विक्रांत समुद्राजवळ घर बांधणार होता. घराला ओसरी, ओसरीत झोपाळा. सकाळचा चहा तो करणार, ती नुसती झोपाळ्यावर बसणार. बाहेर ऊन मऊ झालं होतं, गाडी संथ चालली होती. खोटं कशाला सांगू, थोड्या वेळाने मलाही तो झोपाळा दिसायला लागला. मला तिचा चक्क हेवा वाटला.

"रोज दुपारी विचारतो, जेवलीस का?" ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून असं कोणी विचारलं नाय मला, मॅडम."

कासूच्या पुढे खाडीकडची जमीन उन्हात पांढरी दिसत होती. ती बघत मी सहज विचारलं, "घराऐवजी पैसे घे, हे कोणी सुचवलं?"

"त्यानेच. म्हणाला, जुन्या घरात जुन्या आठवणी. पैसे घे, आपण नवीन जागा बुक करू. त्याला बोटीवरून बँकेचं जमत नाय ना."

झोपाळा तिथेच तुटला. फ्लॅट फोनवरून पाठवता येत नाही. पैसे पाठवता येतात.

"हा भामटा आहे" असं मात्र मी म्हटलं नाही. तसं म्हटलं की अशील वकील बदलतो, प्रियकर बदलत नाही. मी तिला कायदाच सांगितला. घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्यावर कोर्ट लगेच हुकूम देत नाही. रागाच्या भरात काही होऊ नये म्हणून साधारण सहा महिने थांबायला लावतं. याला आम्ही कूलिंग पीरियड म्हणतो. सगळे अशील त्यावर वैतागतात.

"नवऱ्याला सोडायला कायदा थांबायला लावतो," मी म्हटलं. "मग नवा माणूस धरायला का नको? विक्रांतलाही कूलिंग पीरियड लाव. गप्पा मार हव्या तितक्या. पण फोटो नाही, कागद नाही, पैसा नाही, सोनं नाही. आणि त्याला सांग, मिळणार ते घरच, रोख नाही."

"तो थांबेल," ती म्हणाली. "तो तसला नाय."

विक्रांत थांबला. आधी "जन्मभर थांबेन" म्हणाला. मग वकील बदल म्हणाला. तिने व्हिडिओ कॉल मागितला तर भर समुद्रात नेट नव्हतं. मेसेज मात्र भर समुद्रातून वेळेवर येत होते.

एका दुपारी ती माझ्या पेणच्या ऑफिसात आली. पापडाचं पुडकं टेबलावर ठेवून त्याची दोरी सोडत-बांधत बसली. आईही बरोबर होती. "बोल ना गो काहीतरी," आई म्हणाली, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

"तो म्हणतो, मंगळसूत्र मोडून पैसे पाठव. आता तुला त्याचा काय उपयोग. काढूनच ठेवलंय मी ते. पण असं बोलतं का कोणी?"

मला असा संताप आला की समोरचा चहा तसाच गार झाला. तिने माझ्यासमोरच "नाही" असं लिहून पाठवलं. उत्तर लगेच आलं, आणि त्यात झोपाळ्याची भाषा नव्हती. पैसे आले नाहीत तर सगळं चॅट नवऱ्याला पाठवीन, कोर्टात तुझी अब्रू काढीन.

"मॅडम, आता फ्लॅट जाणार का हो?"

भीती खरी होती. संमतीच्या घटस्फोटात कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण दिनेशने संमतीच काढून घेतली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी तिला काहीही डिलीट करू दिलं नाही. स्क्रीनशॉट काढले, मग त्याला ब्लॉक केलं आणि पोलिसांत तक्रार दिली. समोरच्या वकिलांना मी स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. वाईट बातमी आपल्या तोंडून गेलेली बरी.

पुन्हा रोहा. दिनेशने खुर्चीत बसताच मोबाईल टेबलावर ठेवला. सुवर्णाने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"मला आलंय सगळं," तो म्हणाला. "मी वाचलं नाय. वरचं थोडं वाचलं फक्त." मग त्याने मोबाईल टेबलावर पालथा घातला. "जेवलीस का, असं विचारायचा ना तो?"

सुवर्णाने मान हलवली.

दिनेश टायपिस्टकडे वळला. "फ्लॅटचं होतं तसंच टाईप करा," म्हणाला. सही केली, डबा उचलला आणि शिफ्टला गेला.

पुढे रीतसर घटस्फोट झाला. फेसबुकवरचा फोटो कुठल्या तरी परक्या माणसाचा निघाला, विक्रांत काही सापडला नाही. सुवर्णा आता फ्लॅटच्या गच्चीवर पापड वाळत घालते.

तेव्हापासून मी घटस्फोटाच्या प्रत्येक अशिलाला पहिल्याच भेटीत सांगते. दुःख फेसबुकवर टाकू नका. नव्या माणसाच्या सांगण्यावरून टर्म्स बदलू नका. त्याला थांबवून बघा. खरा असेल तर कुरकुरेल, पण थांबेल.

दुपार मात्र सुवर्णाला अजून जड जाते, तिनेच सांगितलं. म्हणून आठवण झाली की मी मेसेज टाकते, जेवलीस का?

तिचं उत्तर ठरलेलं असतं. "आधी फी सांगा, मॅडम."