पुन्हा एकदा दाखवाल का?

नलिनीताईंनी मला कधीही 'चुकलं' असं म्हटलं नाही, आणि त्यामुळे मी बरेच दिवस स्वतःला हुशार समजत राहिले.

त्याआधी मी नाशिक रोडच्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते. माझा आवाज शेजारच्या दोन वर्गांत ऐकू जायचा, याचा मला अभिमान होता. पुढे पट घटत गेला, मराठी वर्ग बंद झाले आणि मी घरी बसले. माझ्या घरी बसण्याचा त्रास मला झाला त्याहून जास्त घरच्यांना झाला. शेवटी नवऱ्यानेच पेपरातली जाहिरात माझ्यापुढे सरकवली. लहान आणि प्राथमिक वयाच्या मुलांना मॉन्टेसरी पद्धतीने शिकवण्याचं वर्षभराचं प्रशिक्षण. चांगलं जमेल त्यांना तिथल्याच बालघरात नोकरी. एवढी वर्षं शिकवल्यावर आता आपल्याला कोण काय शिकवणार, असं म्हणत मी नाव घातलं.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका बंगल्यात खाली बालघर आणि वर प्रशिक्षण केंद्र होतं. दोन्ही नलिनीताई चालवत. साठी ओलांडलेल्या, सडसडीत, सुती साडीचा पदर खांद्यावर घट्ट पिन केलेला. पहिल्या दिवशी बालमानसशास्त्रावर काहीतरी भारी ऐकायला मिळणार म्हणून मी पेन उघडून तयार होते. ताईंनी एक खुर्ची उचलली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि खाली ठेवली. ठेवल्याचा आवाज झाला नाही. मग म्हणाल्या, "आता एकेकीनं." आठवडाभर आम्ही मोठमोठ्या बाया खुर्च्या उचलून ठेवत होतो. आज काय शिकलीस, असं नवऱ्यानं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "हे तर मंडपवाला फुकट शिकवतो."

ताईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. "हात बोलत असताना तोंडानं मधे बोलू नये." मुलाला काही दाखवायचं तर हातांनी, सावकाश, गप्प राहून. बोलायचंच असेल तर आधी हात थांबवायचे. मला हे ऐकायला फार आवडलं. ते आपल्याला उद्देशून आहे, असं काही मला वाटलं नाही.

माझ्या वाट्याला पहिलं काम आलं ते पाणी ओतण्याचं. दोन छोटे जग, एकातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, थेंब सांडला तर पुसायचा. बस, एवढंच. पण एवढंच करायचं तर अनुभवी शिक्षिका कशाला हवी? मी ओतता ओतता पाणी कुठून येतं ते सांगितलं, गंगापूर धरण सांगितलं, नळ बंद ठेवावा हे सांगितलं. बाकीच्या जणी मूल होऊन समोर बसल्या होत्या. ताईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. उद्या पुन्हा एकदा दाखवाल का?"

मी तरंगतच घरी आले. दुसऱ्या दिवशी धरणाच्या जोडीला ढग घातले. ताई म्हणाल्या, "उद्या पुन्हा एकदा दाखवाल का?" तिसऱ्या दिवशी मी पाण्याचं एक गाणंही बसवून नेलं. माझ्या शेजारी घोटीची मनीषा बसायची. तिनं एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवलं आणि ताई तिला म्हणाल्या, "चला, पुढचं घेऊ." बिचारीचं काम ताईंना परत बघावंसंही वाटलं नाही, म्हणून मला वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी तिची समजूतसुद्धा काढली. हळूहळू जमेल, मनाला लावून घेऊ नकोस, म्हणाले. तिनं मान डोलावली आणि तिच्या डब्यातली भाकरी मला दिली.

मग एक दिवस कुणीतरी ताईंना विचारलं, की मूल चुकलं तर काय करायचं. ताई म्हणाल्या, "काही करायचं नाही. चुकलं म्हटलं, की मूल कामाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. साहित्य जागेवर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी म्हणायचं, पुन्हा एकदा करू या का?"

सगळ्या बाया माझ्याकडे वळून बघायला लागल्या. माझे कान तापले. मनीषा हळूच म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय."

त्या रात्री मी घरात जाहीर केलं, की उद्यापासून जाणार नाही. नवरा म्हणाला, नको जाऊस. मग मला जाणं भागच पडलं. पण गेले ते तोंड फुगवूनच. कुणाशी बोलले नाही. माझी पाळी आली तेव्हाही बोलले नाही. जग उचलला, पाणी ओतलं, सांडलेला थेंब पुसला, जग जागेवर ठेवला आणि ताईंकडे न बघता बसले. ताई म्हणाल्या, "चला, पुढचं घेऊ." इतके दिवस मेहनतीनं जे जमलं नव्हतं, ते रागानं जमलं.

प्रशिक्षण संपल्यावर ताईंनी मला खालच्या बालघरात घेतलं, पण एका अटीवर. वर्षभर वर्ग सांभाळायचा, त्या रोज येऊन बसणार, आणि मार्चमध्ये वर्ग माझ्याकडे ठेवायचा की नाही ते सांगणार. नाही म्हणाल्या असत्या तर पंचेचाळिशीच्या, मोठ्या आवाजाच्या बाईला नाशिकात दुसरं कोणी दारात उभं केलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मला दुसरीकडे जायचंही नव्हतं. मुलांमध्ये राहायला मिळावं आणि ते ताईंनी म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

ताई रोज खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर येऊन बसत. मी त्यांच्यासाठी अशी हळूहळू बोटं हलवायचे, की मुलं कंटाळून उठून जायची. एखाद्यानं मणी सांडले की जिभेवर दहा वाक्यं यायची. काही गिळायचे, बरीचशी निसटायची. दिवाळीनंतर मात्र कामच इतकं वाढलं, की ताई बसल्यात हेही कधीकधी विसरायला व्हायचं. एकदा सई नावाच्या चार वर्षांच्या मुलीनं टेबल धुताना अख्खी बादली कलंडवली. मी जागची हलले नाही. ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली, मग फडकं आणलं, पुसलं, पिळलं, पुन्हा पुसलं. शाबासकीच्या आशेनं मी ताईंकडे पाहिलं, तर त्या भलतीकडेच तोंड करून बसलेल्या. नेमकं बघायचं तेव्हाच बघितलं नाही, म्हणून मी दिवसभर धुसफुसत होते.

मार्चमध्ये ताईंनी मला वर बोलावलं. मी भाषण पाठ करून गेले होते. वर्षभरात मी काय काय केलं, ते क्रमानं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, की जूनपासून त्या सांगलीला बहिणीकडे राहायला जाणार आहेत. त्यांना काचबिंदू होता. डावा डोळा आधीच गेला होता, दिवाळीनंतर उजव्यानंही उजेड-अंधारापलीकडे काही दिसेना. मूल कसं वागतं ते बारकाईनं बघायचं, याचं प्रशिक्षण मी वर्षभर घेतलं होतं. ताई चौकटीला हात लावून वर्गात येतात, हे रोज समोर घडत होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आणि लाज सोडून सांगते, त्याच्या पाठोपाठ मनात आलं, म्हणजे दिवाळीनंतरचं माझं काहीच यांनी बघितलं नाही.

मी विचारलं, "मग ताई, रोज येऊन बसत होतात ते कशाला?"

"ऐकायला. आधी त्या वर्गात नुसत्या तुम्ही ऐकू यायचात, संध्याताई. मग अधूनमधून मुलं ऐकू यायला लागली. संक्रांतीच्या सुमारास एकदा बराच वेळ फक्त मुलंच ऐकू येत होती. कुणी मोजत होतं, कुणी फडकं पिळत होतं. मला वाटलं, तुम्ही रजेवर आहात. जवळच्या मुलीला विचारलं, संध्याताई कुठे गेल्या गं? ती म्हणाली, त्या इथेच आहेत." ताई हसल्या. "त्या दिवशीच वर्ग तुमचा झाला. सांगायचं राहिलं होतं."

पाठ केलेल्या भाषणातलं एक वाक्यही आठवेना. खाली मुलांची सुटायची वेळ झाली होती, चपला शोधल्याचे आवाज येत होते. ताईंनी टेबलावरून हात पुढे केला आणि हवेतच चाचपत विचारलं, "संध्याताई, आहात ना?"