धुलाईघराचा पक्ष

मावशीने पक्ष काढायचं म्हटलं तेव्हा मी फिस्सकन हसले. "अगं मावशी, चादरी पिळता पिळता डोकंच पिळलं गेलं की काय तुझं?"

"हस मेली! पण सही कर," ती म्हणाली.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात आम्ही ठेकेदाराकडे कामाला. कागदोपत्री मात्र आम्ही नाहीच. कुणी साहेब आला की काय बोलायचं, हे त्या मेल्याने पढवलेलं: "मी पेशंटला भेटायला आलेय." वाफेच्या यंत्राने मावशीची धाकटी जाऊ भाजून वारली, तेव्हाही आम्ही तेच बोललो. मावशीही बोलली. जाऊ तिथे कामाला होती, हे कुठेच नोंदलं गेलं नाही. मावशी त्यानंतर जेवायला बसली तरी घास हातातच राहायचा. मग एक दिवस हे पक्षाचं डोक्यात घेतलं. निवडणुकीला उभं राहिलं तर कुणाला तरी ऐकावंच लागेल, म्हणायची.

शपथपत्रं झाली, निवडणूक कार्यालयात अर्ज गेला. सभासद खरे आहेत का ते बघायला तिथला साहेब न कळवता धुलाईघरात आला. मावशी गच्चीवर चादरी वाळत घालत होती.

"तुम्ही या पक्षाच्या सभासद का?"

"नाही साहेब, मी पेशंटला भेटायला आलेय." पहिली बोलली, मग सगळ्याच. जिभेला वळणच पडलेलं, काय करणार!

मावशी खाली आली तोवर साहेब गेलेला. आम्ही काय बोललो ते ऐकून ती ओल्या कपड्यांच्या ढिगावर बसली. "माझ्या जावेला आपण पुसून टाकलं, आता तुम्ही स्वतःलाही पुसलंत," म्हणाली आणि ढसाढसा रडली. आम्हाला तिच्याकडे बघवेना.

निवडणूक कार्यालयातून सुनावणीचं बोलावणं आलं. ठेकेदाराने दम दिला, जाईल तिने परत यायचं नाही. तरी आम्ही सगळ्या गेलो. एकेक उभी राहिली. "कामाला कुठे?" "हॉस्पिटलच्या धुलाईघरात." "सभासद?" "हो साहेब."

शेवटी मावशी. "माझी जाऊही तिथेच कामाला होती. लिहा."

"बाई, मयत माणूस सभासद होत नाही."

"सभासद नका करू. कामाला होती, एवढंच लिहा."

साहेबांनी पेन उचललं. मग त्यांनी लिहिलं.

पुढे पक्षाला नोंदणी मिळाली. आमचं काम सुनावणीच्या संध्याकाळीच गेलं. पण कार्यालयातून बाहेर पडताना मावशीने विचारलं होतं, "नक्की लिहिलं ना गं? मला वाचता येत नाही."

"लिहिलं, मावशी," मी म्हटलं. "मी वाचलं."