कळपामागची जागा

माझे वडील, आबा, सोमवारी वारले. मला औरंगाबादेत ते शुक्रवारी कळले. शनिवारी शाळेतून रजा घेऊन मी निघालो.

शहागडला नावेने गोदावरी ओलांडली आणि बैलगाडीने तलवाडा गाठले. गावाबाहेर तूर निघालेल्या शेतात आमच्या लोकांचा वाडा (मेंढपाळांचा फिरता तळ) उतरला होता. आबा त्याचे कारभारी, म्हणजे प्रमुख. रडणे संपले होते. चुलती सखुबाईने बाजरीची भाकरी, ठेचा आणि मेंढीचे दूध पुढे ठेवले. तळाच्या मागच्या टोकाला आबांची काठी आणि घोंगडी होती, माणूस नुकताच उठून गेल्यासारखी. तिकडे पाठ करून सगळे जेवत होते.

"कारभारी ठरला न्हाई तर पाटोद्याला बिऱ्हाडं फुटतील," चुलती म्हणाली. "तू थोरला. तुजं काय म्हननं?"

मी चुलतभाऊ भिवाचे नाव घेतले. त्याला वाटा ठाऊक होत्या, आवाज खणखणीत होता, आणि तो नेहमी कळपाच्या पुढे चाले. मी शाळेत शिकवतो त्या इतिहासातले थोर पुरुष असेच सर्वांच्या पुढे असतात.

"चांगला हाय," चुलती म्हणाली. "पर लई पुढं हाय. मास्तर, तुमच्या बुकात मागं राह्यलेल्याला कोन आनतं वो?"

बायका हसल्या. भिवा हसला नाही.

सकाळी वाडा हलला. निघताना चुलतीने बजावले, कारभारी वारला तरी त्यानंतरची पहिली वाट तोच मागून चालतो. वळून पाहायचे नाही. माझ्या शहरी जोड्यांनी टाचा सोलल्या आणि मी सर्वांत मागे पडलो. आबांचा कुत्रा मात्र माझ्याही मागे होता. त्याच्या गळ्यातले घुंगरू कुणाच्या तरी पायाशी चालल्यासारखे संथ वाजे.

वाटेतल्या नाक्यावर शिपायाने भिवाला अडवले.

"तुमचा बडा कोण बे? तू?"

भिवाने नकारार्थी मान हलवली. "मागून येतोय, साहेब," चुलती म्हणाली.

शिपायाने मागे पाहिले. त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली. मग त्याचा हात सलामासाठी कपाळाकडे निघाला, मध्येच थांबला, आणि तो मुकाट्याने बाजूला झाला.

पाटोद्याकडचा घाट लागला तेव्हा ऊन कलले होते. धुळीत पुढचे काही दिसेना. मागे पावले ऐकू येऊ लागली. ती जवळ येत नव्हती, दूरही जात नव्हती. मी हळू आवाजात बोलू लागलो. शाळेचे सांगितले, दिवाळीला का येता आले नाही ते सांगितले. भीती वाटली नाही; ती आता आठवून वाटते.

माथ्यावर कळप थांबला. रोज संध्याकाळी विचारी तसे चुलतीने पुढे तोंड ठेवूनच विचारले, "समदी आली का?"

आबा यावर नुसते खाकरत. आज कुणीच बोलले नाही. तिने पुन्हा विचारले. शेवटचा मीच होतो, म्हणून मी तोंड उघडले. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"आली."

तो आवाज खालच्या सुरात होता, मला ओळखू आला नाही. धुळीतून भिवा वर आला, खांद्यावर लंगडी मेंढी, पायाशी आबांचा कुत्रा. तेव्हा कुठे सगळे वळले. पुढे भिवा नसताना कळप वाट चुकला नव्हता.

"तू तर पुढे होतास. माझ्याजवळून मागे गेलास कधी?"

"घाटातच, दादा. ही दिसंना म्हून वाटंच्या कडंला थांबलो, समद्यास्नी पुढं जाऊ दिलं. तुमी बोलत व्हता, मधी कावून पडावं?"

"कुणाशी बोलत होतो?"

भिवाने मेंढी खाली ठेवून तिचा पाय चोळला. "म्या वळून पायलं न्हाई," तो म्हणाला.

चुलतीने आबांची काठी त्याच्या हातात दिली.

औरंगाबादेत परतून मी वर्गात पुन्हा तोच धडा घेतला. घोड्यावरचा सेनापती, मागे सैन्य. त्या सैन्याच्या मागे कोण होते, हे पुस्तकात शोधले. लिहिलेले नव्हते.

वाडा फुटला नाही. काठी भिवाकडे आहे. घोंगडी माझ्याकडे आहे.